मायक्रोग्लिया दोषी, हे नेमकं कुणी दाखवलं?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य हाताखालून आपोआप उतरतं: 'मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायक्रोग्लिया सक्रिय होतात आणि मायलिनचा नाश करतात.' अमरावती-अकोल्याकडचे ज्युनिअर पेटच्या तयारीत मला जे मसुदे वाचायला पाठवतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पहिल्याच पानावर हे वाक्य असतं आणि त्याच्या शेपटीला तीन-चार संदर्भ लटकवलेले असतात. वाक्य साफ चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात तीन वेगवेगळे दावे एकाच दोरीनं बांधलेत. मायक्रोग्लिया तिथं हजर आहेत, हा एक. त्या बदललेल्या आहेत, हा दुसरा. आणि नुकसान त्यांनी केलं, हा तिसरा. पहिल्या दोघांचे पुरावे ढीगभर आहेत. तिसऱ्याचे शोधायला गेलं की गंमत सुरू होते. आज तीच पाहू. थोडं लांबेल, पण ज्यांना पुढची चार-पाच वर्षं याच विषयात घालवायची आहेत त्यांनी एवढं वाचायला हरकत नाही.

आधी ओळख. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूत आणि मज्जारज्जूत कायम राहणाऱ्या प्रतिकारपेशी. स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना वेगळं ओळखून हे नाव दिलं. त्या येतात कुठून, याचं नीट उत्तर मिळायला २०१० उजाडलं: फ्लोरेंट जिनू आणि सहकाऱ्यांनी उंदरात दाखवलं की या पेशींचे पूर्वज गर्भाच्या अगदी सुरुवातीला योक सॅकमध्ये तयार होतात, तिथून मेंदूत शिरतात आणि मग जन्मभर तिथंच आपली संख्या राखतात. रक्तातले मोनोसाइट हाडांच्या मज्जेत बनतात. म्हणजे घराणंच वेगळं. पुढची सगळी चर्चा या एका फरकावर उभी आहे, म्हणून तो पक्का लक्षात ठेवा.

आता आपल्या भागातली एक गोष्ट. वऱ्हाडात चाळिशीपुढच्या कुणालाही विचारा, 'कुत्रं चावलं तं पोटात चवदा इंजेक्शनं' ही धमकी त्यानं लहानपणी ऐकलेली असते. ती इंजेक्शनं म्हणजे सेम्पल लस. डेव्हिड सेम्पल यांनी ती कसौलीला १९११ च्या सुमारास पुढे आणली. रेबीजचा विषाणू प्राण्याच्या, आपल्याकडे मुख्यतः मेंढीच्या, मेंदूत वाढवायचा, तो मेंदू वाटायचा, फिनॉलनं विषाणू मारायचा आणि ते मिश्रण पोटाच्या कातडीखाली रोज टोचायचं. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती बनायची. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं.

या लसीनं असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण टोचून घेतलेल्यांपैकी थोड्या जणांना काही दिवसांनी वेगळंच काही व्हायचं: पाय लुळे पडायचे, लघवी अडकायची, शुद्ध हरपायची. तो रेबीज नसायचा. लसीत विषाणूसोबत मेंढीच्या मेंदूतलं मायलिनही जायचं, शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करायचं, आणि ती तयारी माणसाच्या स्वतःच्या मायलिनवर उलटायची. थायलंडच्या हेमाचुदा आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा रुग्णांमध्ये मायलिन बेसिक प्रोटीनविरुद्धचा प्रतिसाद दाखवला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९३३ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी हाच प्रश्न घेऊन माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला आणि काही माकडांत मायलिन उडालेलं पाहिलं. आज ज्याला आपण ईएई म्हणतो, मल्टिपल स्क्लेरोसिसचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं प्राणी-मॉडेल, ते इथून निघालं. म्हणजे कुत्रं चावल्यावर पोटात इंजेक्शनं घेणारा माणूस आणि प्रयोगशाळेतला ईएईचा उंदीर हे एकाच प्रक्रियेतून गेलेले आहेत.

मी ही गोष्ट नुसती रंजक म्हणून सांगत नाही. तिच्यातून मायक्रोग्लियाबद्दल एक थेट निष्कर्ष निघतो. इंजेक्शन पोटाला दिलं होतं. मेंदूला कुणी हात लावला नव्हता. टी-पेशींना मायलिन 'शत्रू' म्हणून शिकवलं गेलं ते लसिकाग्रंथींमध्ये, मेंदूबाहेर. मायक्रोग्लिया त्या वर्गात बसलेल्याच नव्हत्या. त्यामुळे ईएईवरच्या पेपरमध्ये 'मायक्रोग्लिया आजार सुरू करतात' असं वाचलं की आधी विचारायचं: सुरू म्हणजे कुठून? पहिली पायरी तर प्रयोगकर्त्यानंच सिरिंजनं घातलेली असते.

दुसरी गोष्ट ईएईच्या कृतीतच दडलेली आहे. आज रूढ असलेल्या पद्धतीत सी५७ ब्लॅक सिक्स उंदराला मॉग प्रथिनाचा छोटा तुकडा देतात, तो फ्रॉइंडच्या कम्प्लीट ॲडजुव्हंटमध्ये घोटून. या ॲडजुव्हंटमध्ये मारलेले क्षयाचे जंतू असतात. वरून पर्टुसिस टॉक्सिन, म्हणजे डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष. हे दोन्ही पदार्थ स्वतःच प्रतिकारपेशींना चेतवतात. तेव्हा 'आजारी उंदरात मायक्रोग्लिया सक्रिय दिसल्या' या वाक्याला अर्थ येण्यासाठी मॉग सोडून बाकी सगळं दिलेला उंदीर शेजारी हवा. पेपर हातात आला की मी आधी हा गट शोधतो. अनेकदा तिथं नुसता 'निरोगी' उंदीर असतो, आणि मग निम्मा फरक मायलिनमुळे की जंतूंमुळे, ते सांगता येत नाही.

आता ओळख पटवण्याचा प्रश्न. बऱ्याच पेपरमध्ये मायक्रोग्लिया दाखवायला इबा-१ किंवा सीडी११बी हे मार्कर वापरलेले असतात. अडचण अशी की रक्तातून आत आलेले मॅक्रोफेजही हेच मार्कर दाखवतात. दाह पेटला की दोन्ही पेशी फुगतात, गोल होतात, मायलिन गिळून बसतात. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला जाणाऱ्या कावडीच्या गर्दीचा फोटो काढा आणि त्यावरून जुन्या शहरातला कोण आणि बाहेरगावचा कोण ते सांगा. सगळे भगव्या कपड्यांत, सगळे अनवाणी. फोटोवरून नाही सांगता येत. त्यासाठी पुलाशी उभं राहून आत येणाऱ्यांवर खूण करावी लागते. चांगल्या प्रयोगांनी नेमकं हेच केलं.

क्रम पाहा. २००५ मध्ये हेपनर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं की मायक्रोग्लिया लुळ्या पाडल्या तर ईएई उशिरा येतो आणि सौम्य राहतो. आजही अनेक सिनॉप्सिसमध्ये पहिला संदर्भ हाच. पण त्यांनी मारण्यासाठी जो जनुकीय स्विच वापरला तो सीडी११बीवर चालणारा होता, म्हणजे रक्तातल्या पेशींवरही. हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी उंदरांची मज्जा बदलून रक्ताच्या बाजूला साध्या पेशी आणल्या. युक्ती चांगलीच. फक्त मज्जा बदलायला किरणोत्सर्ग द्यावा लागतो, आणि त्यानं मेंदूचा रक्तापासूनचा अडसर आणि मायक्रोग्लिया दोन्ही आधीच डिवचले जातात.

२०११ मध्ये व्हँकुव्हरच्या अजामी आणि रोसी यांनी ही फट बुजवली. दोन उंदरांचं रक्ताभिसरण शस्त्रक्रियेनं जोडून, मेंदूला किरण न लागू देता, त्यांनी फक्त रक्तातल्या पेशींवर खूण केली. दिसलं असं की मोनोसाइट आत शिरण्याचं प्रमाण आणि उंदीर लुळा पडण्याची पायरी या गोष्टी हातात हात घालून चालतात. आणि आजार ओसरल्यावर त्या पाहुण्या पेशी निघून जातात, मायक्रोग्लियाच्या वस्तीत कायमच्या मिसळत नाहीत. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात नीट रचलेला प्रयोग हा. पद्धतीचा भाग दोनदा वाचा.

२०१४ मध्ये रॅन्सोहॉफ यांच्या गटातल्या यामासाकी यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या उंदरात मायक्रोग्लिया हिरव्या आणि मोनोसाइट लाल चमकत होते. त्यांनी मज्जारज्जूचे एकामागून एक बारीक काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन पेशींचे आकार त्रिमितीत उभे केले. आजाराच्या अगदी सुरुवातीला मज्जातंतूंवरच्या रॅनव्हिएच्या गाठींपाशी मायलिन सोलताना सापडले ते मोनोसाइटपासून झालेले मॅक्रोफेज. मायक्रोग्लिया त्या वेळी मुख्यतः पडलेला कचरा उचलत होत्या. म्हणजे आपल्या त्या सिनॉप्सिसच्या वाक्यातलं 'नाश करतात' हे क्रियापद, निदान या मॉडेलच्या या टप्प्यावर, चुकीच्या पेशीला चिकटवलेलं आहे.

एवढं वाचून मायक्रोग्लियाला निर्दोष सोडायची घाई मात्र करू नका. फ्रायबुर्गच्या गोल्डमान आणि प्रिन्झ यांचा २०१३ चा पेपर विरुद्ध बाजूला उभा आहे. त्यांनी कालावधीचा फायदा घेतला. सीएक्स३सीआर१ जनुक चालू असलेल्या सगळ्या पेशींत औषधानं एक बदल घडवला आणि मग काही आठवडे थांबले. रक्तातले मोनोसाइट एवढ्या वेळात मरून नवे येतात, त्यांच्यात तो बदल नसतो. मायक्रोग्लिया दीर्घायुषी, त्यांच्यात तो टिकतो. अशा रीतीनं फक्त दीर्घायुषी पेशींतलं टॅक-१ नावाचं प्रथिन काढल्यावर ईएई खूपच मंदावला. म्हणजे मायक्रोग्लियाचा आगीत हात आहे. पण पुढे २०१६ मध्ये याच गटानं दाखवलं की रक्तवाहिन्यांभोवतीचे आणि मेंदूच्या आवरणांतले मॅक्रोफेजही असेच दीर्घायुषी असतात, त्यांच्यातही तेच जनुक चालू असतं. म्हणजे जुन्या निकालातला किती वाटा मायक्रोग्लियाचा आणि किती या सीमेवरच्या पहारेकऱ्यांचा, हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्याच कामानं उघडला. आपल्या जुन्या निष्कर्षाला स्वतः भोक पाडणारा गट मला जास्त विश्वासाचा वाटतो.

माणसांकडे येऊ. व्हिएन्नाच्या लासमान यांच्या गटानं (झ्रझावी, २०१७) मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर मिळालेला मेंदू तपासला. निरोगी मायक्रोग्लियाची खूण असलेलं पी२आरवाय१२ हे प्रथिन सक्रिय चट्ट्यांत जवळजवळ गायब होतं. टीएमईएम११९ या दुसऱ्या खुणेवरून त्यांनी अंदाज काढला की सक्रिय चट्ट्यांतल्या मॅक्रोफेजसारख्या पेशींपैकी साधारण ४५ टक्के मूळच्या मायक्रोग्लिया असाव्यात. मोठा आकडा. उंदरातल्या चित्रापेक्षा माणसातलं चित्र वेगळं असू शकतं हे त्यातून दिसतं. तरी दोन गोष्टी टोचतात. दाहात एक खूण पुसली जाते हे तेच दाखवतायत, तर दुसरी पुसली जात नाही हे गृहीत का धरायचं? आणि मृत्यूनंतरची ऊती म्हणजे सिनेमाचं शेवटचं चित्र. कोण आधी आलं हे त्यात नसतं.

कार्यकारणाचा हा पेच जनुकांमुळे थोडा सुटतो, कारण जनुकं आजाराच्या आधी असतात. २०१९ च्या 'सायन्स'मधल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४७,४२९ रुग्ण आणि ६८,३७४ निरोगी लोक होते. आजाराशी जोडलेल्या २३३ जागा त्यात सापडल्या. त्यांतला मोठा भाग टी आणि बी पेशींकडे बोट दाखवतो, पण मेंदूच्या पेशींमध्ये पाहिलं तर मायक्रोग्लियाकडेही. न्यूरॉन किंवा ॲस्ट्रोसाइटकडे तसं नाही. माझ्या मते मायक्रोग्लियाविरुद्धचा सगळ्यात वजनदार पुरावा हा आहे, आणि सिनॉप्सिसमध्ये तोच क्वचित दिसतो. त्याची मर्यादाही उघड आहे: ते लोक बहुतेक युरोपीय वंशाचे. आपल्याकडे आजाराचं प्रमाणच वेगळं. मंगळूरच्या लेखा पंडित यांच्या २०१४ च्या पाहणीत ते लाखामागे साधारण आठ निघालं. मुंबईत नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवलं की पारशी समाजात हा आजार इतर भारतीयांपेक्षा ठळकपणे जास्त आहे. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात हा फरक. त्यामागे जनुकं किती आणि राहणीमान किती, हे युरोपच्या यादीवरून ठरणार नाही.

आणि उंदरावरून माणसावर उडी मारली की काय होतं, त्याचं एक कडू उदाहरण आहे. चिडलेल्या मायक्रोग्लिया टीएनएफ नावाचा रेणू सोडतात. उंदरात टीएनएफ अडवला की ईएई कमी होतो. तर्क सरळ होता, म्हणून लेनरसेप्ट हे टीएनएफ अडवणारं औषध रुग्णांना देऊन पाहिलं. १९९९ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांना झटके जास्त आले, लवकर आले. पुढे कळलं की टीएनएफचा एक रिसेप्टर मायलिनच्या दुरुस्तीला मदत करतो. 'मायक्रोग्लिया सोडतात ते सगळं विष' या समजुतीची किंमत इथं खऱ्या माणसांनी मोजली. एम-१ वाईट, एम-२ चांगल्या, ही वर्गवारीही त्याच समजुतीची धाकटी बहीण. रॅन्सोहॉफ यांनी २०१६ मध्ये तिला 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये उघड आव्हान दिलं, तरी आपल्याकडच्या मसुद्यांत ती आकृती अजून रंगीत छापून येते. काढून टाका, बाप्पा.

मग मायक्रोग्लियाविरुद्ध खटला उभा कुठं राहतो? माझं वाचन असं सांगतं: आजाराच्या सुरुवातीला नाही, तर वर्षानुवर्षं चालणाऱ्या उत्तरार्धात, जेव्हा झटके थांबलेले असतात पण चालणं दर वर्षी थोडं आणखी बिघडत जातं. त्या टप्प्यात मेंदूतल्या काही चट्ट्यांच्या कडा धुमसत राहतात, आणि अबसिंटा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्या कडांवर एका खास दाहक अवस्थेतल्या मायक्रोग्लिया दाखवल्या. टोलेब्रुटिनिब या औषधाचे निकाल या चित्राशी जुळतात. झटके न येणाऱ्या, हळूहळू बिघडत जाणाऱ्या रुग्णांत त्यानं अपंगत्व वाढण्याची जोखीम ३१ टक्क्यांनी कमी केली. झटके येणाऱ्या रुग्णांत मात्र वार्षिक झटक्यांच्या बाबतीत ते टेरिफ्लुनोमाइड या जुन्या गोळीच्या पुढे गेलं नाही. जुळतं खरं, पण हे औषध अडवतं ते बीटीके एन्झाइम बी-पेशींतही असतं, आणि रुग्णाच्या मेंदूतल्या मायक्रोग्लियाचं काय झालं हे चाचणीत कुणी उघडून पाहिलेलं नाही. यकृताला गंभीर इजा होण्याचा धोका आहे तो वेगळाच.

शेवटी आपल्या प्रयोगशाळांबद्दल. आपल्या भागातल्या फार्मसी आणि बायोटेकच्या मुलांचा आवडता आराखडा म्हणजे बीव्ही-२ पेशी, त्यांवर एलपीएस, मग एखाद्या वनस्पतीचा अर्क, आणि ग्रीस अभिकर्मकानं नायट्राइट मोजणं. स्वस्त आहे, सहा महिन्यांत आलेख येतो, प्राण्यांसाठीची परवानगी लागत नाही. पण एलपीएस हा जिवाणूच्या भिंतीचा तुकडा आहे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा जिवाणूंचा आजार नाही. टी-पेशी त्या डिशमध्ये नाहीत, मायलिन नाही. खुद्द बीव्ही-२ ही कर्करोगकारक जनुकं घालून अमर केलेली उंदराची पेशी. गॉसलिन यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं की माणसाच्या ताज्या मायक्रोग्लियासुद्धा डिशमध्ये ठेवल्या की सहा तासांत आपली ओळख हरवू लागतात. मग बीव्ही-२ चं काय सांगावं! हा प्रयोग करू नका असं नाही. त्याचं शीर्षक 'एलपीएसनं चेतवलेल्या बीव्ही-२ पेशींत नायट्राइट कमी होतं' एवढंच ठेवा. मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव शीर्षकात आलं की आरआरसीसमोर कुणी तरी विचारणार, 'यात स्क्लेरोसिस कुठं आहे?', आणि विचारणारा बरोबर असेल.

पैसा नसेल, उंदीर नसतील, तरी एक रस्ता मोकळा आहे. अबसिंटा यांच्यासारख्या गटांनी रुग्णांच्या मेंदूतल्या एकेका पेशीच्या केंद्रकाची आरएनए माहिती सार्वजनिक ठेवली आहे. ती उतरवायला इंटरनेट लागतं आणि बरी मेमरी असलेला एक संगणक, विभागातला चालेल. त्यात सुरुवातीला फार मोठा प्रश्न घेऊ नका. पी२आरवाय१२ गेलेल्या पेशींत टीएमईएम११९ किती उरतो, चट्ट्याच्या कडेला किती आणि मध्यभागी किती, एवढंच मोजा. वर मला जी शंका टोचली होती ती यानं पूर्ण मिटणार नाही, कारण केंद्रकातला आरएनए आणि पेशीवरचं प्रथिन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण त्या ४५ टक्क्यांकडे किती विश्वासानं पाहायचं, हे तुमचं तुम्हाला थोडं तरी ठरवता येईल.